‘आणखी’ म्हणताच थांबणारे हात

खारवेलच्या मिठागरालगत गोड्या पाण्याचे एक तळे आहे आणि त्याच्या काठी देवीचे लहानसे देऊळ. देवीच्या मुखावर शेंदूर नाही. खाऱ्या वाऱ्याने पडलेले खळगे आणि डाग उघड्या दगडावर स्पष्ट दिसतात. उतारवयाच्या बायका पायऱ्यांवर समोरासमोर बसतात आणि दुधात कालवलेले मसुराचे पीठ एकमेकींच्या चेहऱ्याला हलक्या बोटांनी लावतात. जिचा चेहरा आहे ती ‘आणखी’ म्हणाली, की दुसरीने हात काढून घ्यायचा आणि आठवडाभर पुन्हा लावायचा नाही, असा दंडक आहे.

मिठागरात हयात घालवलेल्या सगुणाबाई म्हात्रे हा दंडक कसा पडला ते पाहुण्यांना सांगतात. लेखी आधार कुठेही नाही. त्यांच्या सांगण्यातही ‘म्हणे’ वारंवार येते.

फार पूर्वी, म्हणे, जत्रेत देवीचा कलश नेण्याचा मान हिरायकडे होता. तो तिला आईकडून मिळालेला. मीठ ओढता ओढता उन्हाने तिचे गाल काळवंडले, कपाळावर खरखरीत डाग उठले. एका वर्षी गुरवाने बजावले, की डागाळल्या तोंडाने देवीपुढे येऊ नये. चेहरा उजळला नाही तर कलश दुसरी नेईल.

जत्रा जवळ आली. हिरायला स्वस्थ बसवेना. ती परातीतल्या पाण्यात तोंड पाही, उठे, बांधावर फेऱ्या मारी, पुन्हा परातीशी येई. अखेर तिने नणंदेच्या, ठकीच्या, हातात टाचा घासायची वजरी आणि मूठभर मीठ दिले.

“वयनी, लाल झालंय गो. पुरे आता.”

“उजळतंय ते! आणखी घास. भाकऱ्या थापताना बरा जोर येतो तुला!”

ठकी घासत राहिली. कातडी सोलवटली. खारा वारा झोंबताच हिराय किंचाळत तळ्यात उतरली. जत्रेच्या दिवशी ती तोंडाला ओले फडके गुंडाळून देवळामागे बसली होती.

कलश दुसरीच्या डोक्यावर ठेवत असतानाच देवीच्या मुखावरचा शेंदराचा जाड थर सुटून खाली पडला, असे सांगतात. जुनी पुटे स्वतःच्याच वजनाने सुटतात, हे खरे. पण ती नेमकी तेव्हाच सुटली, म्हणे. आतला दगड हिरायच्या गालांसारखाच डागाळलेला निघाला. गुरव नवा शेंदूर घेऊन धावला, तेव्हा ठकीने त्याचे मनगट धरले.

“गुरवबाबा, आधी देवीला इचारा, या तोंडानं तिनं देवळात बसायचं का नाय?”

गुरवाने शेंदराची वाटी खाली ठेवली. दुसऱ्या बाईनेही कलश उतरवून ठेवला. त्या वर्षी तो कोणीच नेला नाही.

जखमा भरल्यावर ठकीने दूध आणि मसुराचे पीठ घेतले, आणि देवीसमोर शपथ घेतली: वयनी ‘आणखी’ म्हणाली, की मी हात काढून घेईन आणि आठवडाभर पुन्हा लावणार नाही. हिराय दर खेपेला म्हणेच.

“वैरीण हायस तू!”

“हाय. गप बस.”

वर्ष सरले. डाग फिके झाले, गेले नाहीत. कातडी मात्र मऊ झाली. हिरायने भर उन्हात, उघड्या तोंडाने कलश नेला.

आजही देवीला शेंदूर लावत नाहीत. गोष्ट संपवताना सगुणाबाईंनी समोर बसून पीठ लावणाऱ्या भावजयीला कपाळ दाखवले. “इथं जरा आणखी...”

भावजयीने हात काढून घेतले. सगुणाबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिले, आणि मग तोंड धुवायला तळ्याच्या पाण्याकडे वाकल्या.