खुणेचे सरपण

पूर्वी एक वृद्ध गुरुजी अमेरिकेच्या उत्तरेकडील एका थंड गावात शाळा चालवीत असत. गावाने सर्व मुलांसाठी एकच शाळा चालवावी, असा कायदा झाला होता; परंतु शेगडीचे सरपण घरोघरून येई. प्रत्येक घर आपल्या ओंडक्याच्या टोकावर कुऱ्हाडीने खूण करी. ज्याचे सरपण अधिक, त्याचे मूल शेगडीजवळ बसे. ज्याचे काहीच नाही, ते दाराशी. एका विधवेची मुलगी तेथे बसे. पाटीवर अक्षर उमटण्याआधीच तिची बोटे बधिर होत.

गुरुजींच्या हाताखाली एक शिष्या अध्यापन शिकत होती. एका व्यापाऱ्याने तिला वाटेत गाठले.

"बाई, ढिगात माझ्या खुणेचा एकही ओंडका दिसत नाही. म्हातारा घरी नेतो आहे! परवाच्या ग्रामसभेत साक्ष द्या. तो गेला की खुर्ची तुमचीच."

शिष्येने होकार दिला नाही. पण संशय मनात शिरला तो शिरलाच. गुरुजींच्या बाहीवरचा भुसा तिला आताच का दिसावा? ते सर्वांआधी का येतात? कपाटामागे करवत कशाला?

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती शाळेत शिरली. गुरुजी ओंडक्यांची टोके कापीत होते.

"गुरुजी, ही टोके कोठे नेता?" तिचा स्वर कठोर होता.

"फार लांब नाही." त्यांनी शेगडीचे झाकण उघडले. आत खुणा जळत होत्या. "लाकूड ओळखू आले की मूलही ओळखू येते, मुली. हे मूल दोन गाड्या सरपणाचे, हे अर्ध्या गाडीचे, हे कशाचेच नाही. कोणाचे सरपण किती, हे मलाच कळले नाही, तर मी दाराशी कोणाला बसवू? आज शेवटच्या खुणा जातील; आजपासून सारी बाके शेगडीभोवती."

"मग हे सभेत का सांगत नाही?"

"तीनदा सांगितले. तिन्ही वेळा लोकांनी खूण अधिक खोल केली."

शिष्या खाली बसली आणि तिने करवतीची दुसरी मूठ धरली.

सभेत व्यापारी गरजला, "बोला बाई, चोरी पाहिलीत ना?"

"पाहिली. खुणांची. आणि कालपासून त्या चोरीत मीही आहे."

खुर्ची हातची गेली, हे तिला बोलतानाच उमगले. तरीही तिचा स्वर डळमळला नाही.

कायदा मुलाला शाळेच्या आत आणतो. त्याला ऊब मिळावी की नाही, हे आतल्या माणसांवर अवलंबून असते.