अकरा गुंठ्यांतली वाटी

“म्हणजे वाटी रानात न्हाईच, असं तुझं मशीन म्हणतंय?”

दस्तगीरचाचांनी मान वर न करता विचारलं. त्यांचे दोन्ही हात घमेल्यातल्या काळ्या पाण्यात होते.

“मशीन खोटं बोलत नाही, चाचा,” श्रेणिक म्हणाला.

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

श्रेणिक घमेल्यासमोर उकिडवा बसला.

चाचा झारेकरी होते. पेठेतल्या सोनारांच्या दुकानांतला केर ते घरी आणत, जाळत, कुटत, धूत, आणि त्यातून कुसळाएवढं सोनं काढत. सोनाराच्या बैठकीखालचं फाटकं गोणपाटसुद्धा ते सोडत नसत. पन्नास वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

श्रेणिक पाच वर्षं ऑस्ट्रेलियात होता. तिथे भूगर्भशास्त्र शिकला. सुट्टीच्या दिवशी माणसं मेटल डिटेक्टर घेऊन माळावर सोनं शोधत हिंडतात, हे त्याने तिथे पाहिलं होतं. परत येताना त्याने तसं एक मशीन विकत आणलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी तबकडी, कानांवर हेडफोन. चालवायला मात्र तो गावात आल्यावर शिकू लागला, सोबतची पुस्तिका वाचून.

आणि पहिलंच काम घरातलं निघालं.

त्याच्या चुलतभावाची बायको त्रिशला चार दिवसांपूर्वी रानात सोयाबीन काढत होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा मंगळसूत्राचा दोरा तुटलेला. डोरल्याची एक वाटी पदरात अडकून राहिली होती. दुसरी गेली.

“तासाभरात काढून देतो, वहिनी,” श्रेणिक तिच्या सासूसमोर, म्हणजे आपल्या काकूसमोर, सगळ्यांदेखत म्हणाला होता.

त्याला तीन दिवस झाले होते.

“पहिल्यापासनं सांग,” चाचा म्हणाले.

“पहिल्या दिवशी मशीन नुसतं ओरडत होतं. उन्हाळ्यात रानात तालुक्याच्या गावच्या कचऱ्याचं खत टाकलंय. त्यात औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, चंदेरी. पावलापावलाला. खणलं की पाकीट, खणलं की पाकीट.”

“मग?”

“मग मी ते आवाज बंद केले. तशी सोय असते मशीनमध्ये. लोखंड नको, पाकिटं नकोत, असं आधीच सांगून ठेवता येतं. मग ते त्यांच्यावर वाजत नाही.”

“मग?”

“मग शांत. दोन दिवस सगळं रान फिरलो. उभं, आडवं. एकदाही वाजलं नाही.”

“लई ब्येस.” चाचा हसले. “शांतता पायजे हुती, ती घावली.”

श्रेणिकचा चेहरा उतरला.

“थट्टा नको, चाचा. काल काकूंनी मला विचारलं, मशीन खोटं बोलतं का? मी म्हणालो, नाही. तर म्हणाल्या, मग वाटी रानात पडलीच नाही. मग कुठं गेली ते आम्हाला कळतं. वहिनींच्या भावाचं लग्न आहे दिवाळीनंतर... काकूंना वाटतं, वाटी माहेरी गेली. शेजारच्या बायकांतही बोलून आल्या.”

“पोरगी काय म्हणाली?”

“काही नाही. भाकरी थापत होत्या. थापत राहिल्या.”

चाचांचे हात पाण्यात थांबले.

“रानाचं काय हुणार हाय आता?”

“चार वाजता ट्रॅक्टर येणार. रोटर मारून सगळी माती उलथायची आहे. एकदा रोटर फिरला की...”



चाचांनी हात त्याच घमेल्यात खंगाळले. बोटांवरचं पाणी निथळेपर्यंत ते घमेल्यावरच धरले. एक थेंब बाहेर पडला नाही. मग त्यांनी टोपी घातली, दोन रिकाम्या पिशव्या काखेत मारल्या.

“चल.”

“तुम्हाला मशीन येतं, चाचा?”

“न्हाई. मला केर येतो.”

*

अकरा गुंठ्यांचा तुकडा. सोयाबीन निघून गेलेलं, नुसती खुंटं उरलेली. त्रिशला वाकून सांडलेल्या शेंगा वेचत होती. तिच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलेलं होतं. तिची सासू, चंपाकाकू, बांधावर चिंचेच्या सावलीत बसली होती. दोघींच्या मधे सगळं रान.

“चाचा, उन्हाचं कशाला आलासा?” चंपाकाकू म्हणाली. “मशीननं सांगितलंय की काय ते.”

“त्याला परत एकदा इचारतो, अक्का.”

चाचा सरळ त्रिशलाकडे गेले.

“बाळ, दुसरी वाटी कुठं हाय?”

तिने पदराची गाठ सोडली. वाटी बोटाने पुसली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. नखाएवढी, पातळ पत्र्याची, आतून पोकळ.

चाचा श्रेणिककडे वळले.

“ही मशीनला दावलीस का?”

“नाही... मी माझ्या अंगठीवर तपासलं होतं. आजोबांची अंगठी. तिच्यावर खणखणीत वाजतं.”

“तुला अंगठी हुडकायची हुती?”

श्रेणिकने खाली पाहिलं.

चाचांनी वाटी मातीवर ठेवली. “फिरव.”

तबकडी वाटीवरून गेली. परत आली. श्रेणिकने ती आणखी खाली नेली, पार मातीला टेकेपर्यंत.

मशीन गप्प.

चंपाकाकू बांधावरून उठून आली होती.

“ह्या वाटीवर बी बोलंना?”

श्रेणिकची बोटं बटणांवरून फिरू लागली. बंद केलेला एकेक आवाज त्याने उघडला. तबकडी पुन्हा वाटीवर नेली, आणि मशीन ओरडलं. पडद्यावर आकडा आला. तो आकडा त्याला पाठ होता. पहिल्या दिवशी त्याने तो दिवसभर पाहिला होता.

“चाचा... पाकिटांचा आकडा हाच आहे. आवाजही हाच. वाटी इतकी पातळ आहे की मशीनला ती आणि पाकीट एकच वाटतं.”

“म्हंजे ते गप्प हुतं,” चंपाकाकू सावकाश म्हणाली, “ते तू गप्प बसवलंवतंस म्हणून.”

काकूने सुनेकडे पाहिलं. सून वाटी पदरात परत बांधत होती.

“मग फरक ओळखायचा कसा, चाचा?”

“खणायचं.”

“सगळं?”

“सगळं.”

“दोनशे पाकिटं असतील!”

“असतील की.”

श्रेणिकने बांधाच्या कडेपासून सुरुवात केली. चार पावलांवर मशीन वाजलं. त्याने खुरप्याने खणलं. पाकीट. त्याने ते बांधाकडे भिरकावलं.

चाचा चालत गेले. पाकीट उचललं, माती पुसली, कपाळाला लावलं आणि पिशवीत टाकलं.

“हे काय, चाचा?”

“कुणाचा तरी ताप उतरला असंल ह्यानं. शुकर अल्लाचा.”

श्रेणिकला वाटलं, पुन्हा थट्टा. पण चाचा हसत नव्हते.

दुसरं पाकीट. तिसरं. प्रत्येक वेळी तो भिरकावी आणि म्हातारा वाकून ते आणी, पुशी, कपाळाला लावी. पाचव्या की सहाव्या वेळी श्रेणिकलाच ते बघवेना. त्याने पाकीट भिरकावलं नाही. चाचांच्या हातात दिलं.

“सोनाराकडचा केर मी असाच उचलतो,” चाचा म्हणाले. “नाक मुरडून उचललं की डोळा बी नीट बघत न्हाई.”

त्रिशलाने शेंगांची पाटी खाली ठेवली आणि त्याच्या हातातलं खुरपं घेतलं.

“भावजी, तुम्ही निस्तं ऐका. मी खणते.”

मग काम चालायला लागलं. तो ऐके, ती खणे, चाचा पुसत. मागचे दोन दिवस तो रानातून लगबगीने चालला होता, वाजेल तेव्हा वाजेल म्हणून. आता पाऊल लहान झालं. तबकडी मातीला जवळजवळ चिकटून जाऊ लागली. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीची निम्मी जागा तो पुन्हा घेऊ लागला. मधे कोरी पट्टी राहत नव्हती. हे सगळं पुस्तिकेत लिहिलेलं होतं. त्याने वाचलंही होतं...

बारा वाजले. दोन वाजले. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर.

चंपाकाकू बराच वेळ उभी होती. मग तिने चाचांच्या पिशवीत हात घालून एक पाकीट काढलं आणि डोळ्यांजवळ धरलं.

“ही तर बीपीची. माझीच गोळी.”

“मग बघा की,” चाचा म्हणाले, “तुमच्यावानीच कुणीतरी आज हिंडतंय फिरतंय.”

काकूने पाकीट उलटंसुलटं केलं. पिशवीत परत टाकलं नाही. मुठीत धरून ती सुनेच्या मागे गेली आणि पायाने खड्डे बुजवू लागली.

श्रेणिकने पुढचं पाकीट स्वतःच वाकून उचललं. माती पुसली. हात कपाळापर्यंत गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने चोरून चाचांकडे पाहिलं. चाचा दुसरीकडे बघत होते.

साडेतीनलाच रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला. बाहुबली ड्रायव्हरने तो बांधाला लावला आणि वरूनच ओरडला.

“काय लावलंय, श्रेणिकशेठ? दवाखाना काढताय काय?”

“चारला ये म्हणालो होतो तुला.”

“आलोय तर थांबतो की. पण चारला म्हंजे चारला. मला अजून दोन रानं हायती.”

निम्म्याहून जास्त रान झालं होतं. विहिरीकडचा तुकडा तेवढा उरला होता. त्रिशलाच्या तळहाताला फोड आला होता. ती खुरपं दुसऱ्या हाताने चालवत होती. तिने एकदाही सूर्याकडे पाहिलं नाही. श्रेणिक मात्र सारखा घड्याळ बघत होता.

मशीन वाजलं. त्रिशलाने खणलं. पाकीट, दोन गोळ्या अजून आतच असलेलं.

श्रेणिकने तबकडी उचलली आणि पुढे पाऊल टाकलं.

“खड्ड्याला परत इचारलंस?” मागून चाचा म्हणाले.

“निघालं की पाकीट.”

“परत इचार.”

“चाचा, पंधरा मिनिटं उरलीत...”

चाचा खड्ड्याशी आले. नुसते उभे राहिले.

श्रेणिकने पाऊल मागे घेतलं. तबकडी खड्ड्यावर धरली.

मशीन वाजलं.

त्रिशला खाली बसली. खड्ड्यातलं ढेकूळ तिने दोन्ही हातांत घेतलं आणि बोटांनी फोडलं, हळूहळू, भाकरीचा तुकडा मोडावा तसं. माती गळत गेली. बोटांत वाटी राहिली, तोंडापर्यंत मातीने भरलेली.



चंपाकाकू तिथेच मातीत बसली. सुनेच्या हातातून वाटी घेतली, आतली माती नखाने काढली आणि स्वतःच्या पदराने पुसली. पुसतच राहिली.

“मी बोलले...”

“राहू द्या, मामी,” त्रिशला सासूला म्हणाली.

“न्हाई राहू द्यायचं. चार बायकांत बोलले, चार बायकांत जाऊन सांगीन. माझंच तोंड हाय, माझंच घेऊन जाईन.”

त्रिशला एकदम हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. काकूने तिला जवळ ओढलं. तिचं डोकं काकूच्या खांद्यावर आलं, मातीच्या हातांसकट.



थोड्या वेळाने त्रिशलाने डोळे पुसले. खड्ड्याच्या कडेला पडलेलं ते शेवटचं पाकीट उचललं आणि कपाळाला लावलं.

“ह्यानंच झाकून ठेवलीवती हो, भावजी. नाहीतर मागच्या पावसात वाहूनच गेली असती.”

श्रेणिकला काहीतरी म्हणायचं होतं. वाटी हरवल्यापासून एकच पाऊस झाला होता, आणि तोही भुरभुर. तेवढ्यात काही वाहून जात नाही, हे तो शिकून आला होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते बोलला नाही.

त्याने मशीन बंद केलं. हेडफोन काढून गळ्यात घातले आणि चाचांच्या पायांशी वाकला.

“चाचा, मी इतक्या लांब जाऊन शिकलो. आणि दोन दिवसांत माझ्यामुळे वहिनींवर...” तो थांबला. “तुमचे उपकार फेडता येणार नाहीत. मला शिकवा. उद्यापासून येऊ का?”

चाचांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं. त्यांची नजर विहिरीकडच्या उरलेल्या तुकड्यावर होती. तिथली पाकिटं अजून मातीतच होती.

बाहुबलीने चावी फिरवली. चाचांनी हात वर केला. इंजिन बंद झालं.

“मशीन का बंद केलंस?” त्यांनी विचारलं.

“सापडली की, चाचा!”

चाचांनी दुसरी, रिकामी पिशवी झटकली आणि त्याच्या हातात दिली.

“तिची सापडली. रानाची अजून ऱ्हायलीय.”