दर्यामातेची ओली किनार

अंतोबा महाराज त्या वर्षी वसईकडच्या आमच्या शिरवे बंदरात मुक्कामाला होते. तेव्हा बंदरात शिडांची गलबतं लागत. पण बंदराची खरी शान म्हणजे दर्यामातेचं चर्च! पिळदार खांब, त्यांवर चढलेले सोनेरी द्राक्षवेल आणि थेट छतापर्यंत गालफुगे देवदूत. हे सारं कोरलं आमच्याच सुतारांनी. देवदूतांचे चेहरे कोळ्यांच्या पोरांसारखे आहेत, हे आम्ही पाहुण्यांना आजही मोठ्या अभिमानाने दाखवतो. निळ्या वस्त्रातली मारियामाता मात्र सगळ्यांचीच. ज्याचं जे अडलं असेल, त्याची मेणाची प्रतिमा तिच्या पायाशी ठेवायची, ही तिथली रीत.

सणाच्या सकाळी चांगुणा कोळीण मेणाची होडी घेऊन निघाली, सोबत महाराजही होते. तिचा नवरा खलाशी म्हणून गेला होता, गोमाजी नाखव्याच्या मालकीच्या गलबतावर. चर्चच्या दारात नाखवाच उभा!

"काय गो चांगुणे, माझं सागवानी गलबत तुझ्या या मेणाच्या टरफलावर तरंगतंय होय? सरक बाजूला! आणि महाराज, तुम्हीसुद्धा हिच्यासोबत?"

"आईच्या घरी जायला आमंत्रण लागतं का रे, नाखवा?" महाराज हसून म्हणाले आणि चांगुणेला घेऊन आत गेले.

प्रार्थना चालू असतानाच वारा फिरला. मेणबत्त्या विझल्या. बाहेर ओरड उठली, "नाखव्याच्या गलबताची डोलकाठी मोडली! खडकाकडे चाललंय!"

सुकाणूवर नाखव्याचा एकुलता मुलगा होता. नाखवा धावत आत आला. चांगुणेच्या हातून होडी निसटली, तोच महाराजांनी ती तळहातावर झेलली आणि डोळे मिटले. काय नवल सांगावं! कोरड्या फरशीवर बसलेल्या महाराजांच्या कोपरांवरून पाणी निथळू लागलं!

बऱ्याच वेळाने किनाऱ्यावरून आरोळी आली, "आलं! गलबत आलं! सगळे सुखरूप!"

नाखवा महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, तुम्ही वाचवलंत माझ्या पोराला!"

"मी नुसता खाली हात धरला," महाराज म्हणाले. "ओढून आणलं ते तिने. वर बघ."

मातेच्या लाकडी वस्त्राची निळी किनार टपटप गळत होती. नाखव्याने एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट!

त्याने पागोटं काढलं. चांगुणा अजून मातेसमोर डोळे मिटून बसली होती. नाखवा तिच्याजवळ जाऊन हलकेच म्हणाला, "चांगुणे, जरा सरक गो बाय. मला गुडघे टेकायचेत."