सातशे चंदेरी झाडे आणि एक शिंक

एका राज्यात फाल्गुन लागला की राजापासून रखवालदारापर्यंत सगळे शिंकत, घोडे शिंकत, हत्ती शिंकत. आणि दरबाराच्या बखरीत मात्र दरवर्षी एकच ओळ लिहिली जाई: ‘महाराजांवरील प्रेमाने प्रजेचे नेत्र भरून आले.’

ते नेत्र कशाने भरून येत, ते आता ऐका.

बारा वर्षांपूर्वी राजा सुधाकीर्तीची स्वारी राजमार्गाने निघाली होती. दुतर्फा जुनी झाडे होती, फळांनी लगडलेली. एका पिकल्या फळावरून भोयाचा पाय घसरला, पालखी कलंडली आणि राजमुकुट गडगडत चिखलात गेला. बघणारे लोक हसले. राजाला चिखलाचे काही वाटले नाही, हसण्याचे वाटले. त्याने राजमांत्रिक त्रिकूटकाला बोलावले आणि म्हटले, “मला सावली हवी. फळ नको.”

त्रिकूटकाने दंड तीनदा आपटला. जुनी झाडे जळून गेली आणि त्यांच्या जागी सातशे चंदेरी झाडे उभी राहिली. उंच, देखणी, आणि झाडून सगळी नर. फळ धरणारी मादी झाडे त्याने राज्यातून नाहीशी केली. त्यांचे शेवटचे बीज काही केल्या जळेना, म्हणून ते तांब्याच्या डबीत घालून शिळागुहेत ठेवले.

फाल्गुन आला. चंदेरी झाडे फुलली आणि त्यांनी आपले पराग वाऱ्यावर सोडले. पण परागांनी जायचे कुठे? जिच्याकडे जायचे ती राज्यात उरलीच नव्हती. मग ते माणसांच्या नाकात गेले, डोळ्यांत गेले, छातीत गेले. पुढच्या वर्षी झाडांनी दुप्पट पराग सोडले. त्याच्या पुढच्या वर्षी चौपट.

लोक तक्रार घेऊन दरबारात गेले. पण त्या राज्याचा एक जुना नेम होता. बोलणारा मध्येच शिंकला, तर त्याचे बोलणे रद्द. पाणी प्यायचे, घरी जायचे, दुसऱ्या शुभदिवशी यायचे. फाल्गुनात न शिंकता चार शब्द बोलेल असा माणूस राज्यात नव्हता. आणि कोणी शहाणा श्रावणात तक्रार घेऊन गेलाच, तर दरबाराचा लेखनिक त्याला विचारी, “आत्ता शिंका येतात का? नाही ना? मग तक्रार कसली?” अशी बारा वर्षे गेली. बारा वर्षांत एकही तक्रार नोंदली गेली नाही, आणि राज्यात तक्रारच नाही असे शेजारच्या राजांना अभिमानाने कळवले गेले.

त्या राज्यात हौसा नावाची बाई दवंडी देत असे. तिचा बाप भानजी पूर्वी राजाचा माळी होता. पहिल्याच फाल्गुनात तो दरबारात उभा राहिला होता. “महाराज, रस्ता झाडायला दोन माणसं—” एवढे बोलला आणि शिंकला. बोलणे रद्द झाले, चाकरी गेली. आता त्याच्या छातीत दिवसभर शिट्टी वाजे. वैद्याने नाडी पाहून हौसाला दाराबाहेर नेले आणि सांगितले, “पौर्णिमेला झाडे भर बहरात येतील. तो दिवस ही छाती सोसणार नाही.”

पौर्णिमेला पाच दिवस उरले होते. त्याच पौर्णिमेला भरदरबारात हौसाने दवंडी द्यायची होती.

“हौसे, यंदा काय ओरडणार?” भानजीने अंथरुणातून विचारले.

“दरवर्षीचंच, आबा. प्रेमाने नेत्र भरून आले.”

“म्हणजे खोटं.”

“पोटासाठी ओरडते.”

“ओरड की. साथीला माझी शिट्टी आहेच.” म्हातारा हसला आणि हसता हसता त्याचा श्वास अडकला. तो परत येईपर्यंत हौसा त्याची पाठ चोळत राहिली. मग तो म्हणाला, “झाडं वाईट नाहीत गं. एकटी आहेत. त्यांची जोडीदारीण आणली तर पराग तिच्याकडे जातील, आपल्याकडे कशाला येतील? बीज कुठं आहे ते धनेश पक्ष्याला विचार. रानातल्या प्रत्येक बीचा पत्ता त्याला ठाऊक असतो.”

त्याने तिला तुपाची वाटी आणि एक सुती फडके दिले. “नाकपुड्यांना आतून तूप लाव. फडकं ओलं करून तोंडावर बांध. यानं झाडं फुलायची थांबत नाहीत. पण माणूस चार पावलं जास्त चालतो.”

हौसाने हलगी पाठीला लावली, घागर काखेत घेतली आणि ती रानात गेली.

रानात एका जुनाट झाडाच्या ढोलीबाहेर धनेश बसला होता. त्याचे डोळे सुजून मिटले होते. ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते आणि मध्ये ठेवलेल्या फटीतून त्याच्या बायकोची चोच बाहेर आली होती.

“पक्षिराज, मादी झाडाचे बीज कुठे आहे?” हौसाने विचारले.

“सांगेन,” धनेश म्हणाला. “आधी दोन कामे कर. तिसरे मग तुझे तुलाच करावे लागेल. ही अंडी घेऊन आत बसली आहे. तीन दिवस हिला उंबरे मिळाली नाहीत. मला दिसत नाही. उंबरे आण.”

“दिसत नाही म्हणून तीन दिवस नुसता बसलाय,” ढोलीतून आवाज आला. “बाई, आता तूच बघ.”

उंबर होता चंदेरी झाडांच्या पलीकडे. हौसाने तूप लावले, फडके बांधले आणि भल्या सकाळी निघाली. अर्ध्या वाटेवर पराग इतके दाटले की तिला स्वतःचा हात दिसेना. ती एकोणचाळीस वेळा शिंकली, चाळिसाव्या शिंकेला खाली बसली आणि रिकाम्या हाताने परत आली.

“सकाळीच गेलीस होय?” ढोलीतून आवाज आला. “सकाळी तर झाडं पराग उधळतात. ऊन कलू दे, वारा पडू दे, मग जा. एवढं तुमच्यात कोणी सांगत नाही?”

“आमच्यात कोणी शिंकतच नाही,” हौसा म्हणाली. “दवंडी मीच देते.”

धनेशीण पोटभर हसली. ऊन कलल्यावर हौसा गेली आणि ओटीभर उंबरे घेऊन आली.

दुसरे काम पाण्याचे होते. रानातल्या झऱ्यावर परागांची पिवळी साय धरली होती. हौसाने वरचे पाणी घेतले नाही. खडकातून धार जिथे फुटत होती, तिथे घागर लावली आणि त्या पाण्याने धनेशाचे डोळे धुतले. एकदा धुतले तेव्हा पापणी हलली. दुसऱ्यांदा धुतले तेव्हा उजेड दिसला. तिसऱ्यांदा धुतल्यावर पक्ष्याने डोळे उघडून आपल्या बायकोच्या चोचीकडे पाहिले आणि फटीतून तिला एक उंबर भरवले.

मग म्हणाला, “बीज शिळागुहेत आहे. गुहेत बारा फाल्गुनांचे पराग साठले आहेत. तिथे जो शिंकतो तो दगड होतो. जाशील?”

“माझा बाप घरी श्वास मोजतोय,” हौसा म्हणाली. “जाईन.”

झऱ्यावर ती अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून न्हाली, म्हणजे बरोबर एक कणही जाऊ नये. नाकाला तूप लावले, ओले फडके बांधले आणि गुहेत शिरली. आत दगडी माणसे दाटीवाटीने उभी होती, प्रत्येकाचे तोंड शिंकण्यासाठी उघडलेले. त्यांत दोन सरदार होते. शिंकांची चौकशी करायला त्यांना नऊ वर्षांपूर्वी पाठवले होते, आणि ‘चौकशी चालू आहे’ असे दरबार अजून सांगत होता.

डबी सगळ्यात आत होती. हौसाने ती उचलली तेव्हा फडके सुकले होते. शिंक निघाली. ती गळ्यातून वर चढली, नाकाच्या शेंड्याशी आली. हौसाने बोटाने नाकाखाली दाबून धरले, डोळे मिटले आणि बापाच्या छातीतली शिट्टी आठवली. शिंक शेंड्यावर थोडी थांबली आणि आल्या वाटेने परत गेली.

हौसा बाहेर आली तो पौर्णिमेची सकाळ होती.

दरबार भरला होता. त्रिकूटक राजाच्या उजव्या हाताला बसला होता. फाल्गुनभर तो काचमहालात राही, खिडक्यांच्या फटी मेणाने बुजवून. पौर्णिमेची दवंडी मात्र तो स्वतः ऐके. घटकेपुरता बाहेर येई आणि अत्तराचा बोळा नाकाशी धरून बसे.

हौसाने दाराशीच नाकाला पुन्हा तूप लावले होते. तिने हलगीवर तीन टिपऱ्या मारल्या.

“ऐका हो ऐका! प्रजेच्या डोळ्यांत पाणी आहे ते प्रेमाचं नाही, परागांचं आहे. सातशे नर झाडं लावली, एकही मादी ठेवली नाही, म्हणून बारा वर्षं हे राज्य गुदमरतंय. माझा बाप आज मरायला टेकलाय. मादी झाडाचं बीज माझ्या हातात आहे. ते लावायची परवानगी द्यावी, हो!”

दरबारातल्या सगळ्या माना हौसाकडे वळल्या. शब्दांमुळे नव्हे. फाल्गुनात इतके बोलून बाई शिंकली नव्हती.

म्हाताऱ्या लेखनिकाने बोरू शाईत बुडवला. “महाराज, शिंक झाली नाही. तक्रार नोंदवावी लागेल.”

“खोटे!” त्रिकूटक ओरडला. “राज्यात कोणी शिंकत नाही.”

“मग मांत्रिकबुवा, खिडक्यांना मेण कशाला?” हौसाने विचारले.

दरबारात कोणीतरी हसले. त्रिकूटकाचा चेहरा लाल झाला. त्याने अत्तराचा बोळा फेकला, दंड उचलला आणि शापवाणी सुरू केली, “हे सातशे वृक्ष हजार वर्षे एकटेच राहतील, आणि ही स्त्री या क्षणी दगड हो—”

आणि शिंकला. अशी शिंक की सभामंडपातली कबुतरे उडाली.

लेखनिकाने मानही वर केली नाही. “रद्द,” तो म्हणाला.

त्रिकूटकाने पुन्हा दंड उचलला, पुन्हा शिंकला. “रद्द.” तिसऱ्यांदा उचलला, तिसऱ्यांदा शिंकला. “रद्द.” तिसऱ्या रद्दाबरोबर दंडाचा भुसा झाला. नेम राज्याचा होता, आणि मांत्रिकाची विद्याही राज्याच्याच अन्नावर पोसलेली होती.

राजाने हौसाकडे पाहिले. डोळे पुसले. त्याचेही लाल होते. “बीज लाव,” तो म्हणाला.

हौसाने राजमार्गाच्या मधोमध हातभर खड्डा केला, बीज ठेवले आणि घागरीत उरलेले झऱ्याचे पाणी ओतले. बीज रुजले, रोप झाले, रोपाचे झाड झाले, झाडाला मोहोर आला. लेखनिकाला शाई वाळवायला लागतो तेवढाच वेळ लागला. मग सातशे झाडांवरून पिवळे ढग उठले. घरांतून, देवळांतून, लोकांच्या केसांतून पराग निघाले, एका लांब पट्ट्यासारखे त्या एका झाडाकडे गेले आणि तिथे शांत बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा फाल्गुनातले आकाश निळे दिसले. राजा तोंड उघडून, डोळे मिटून शिंकेची वाट बघत उभा होता. ती आलीच नाही.

हौसा तिथे थांबली नाही. घराकडे धावली.

दाराशी येऊन तिने कान दिला. आतून शिट्टी ऐकू येईना. चौकटीला धरून ती तशीच उभी राहिली.

“दार लावू नकोस,” आतून आवाज आला. “वारा येऊ दे. बारा वर्षं झाली.”

भानजी अंथरुणात उठून बसला होता आणि नाकाने, सावकाश, कोणी महागडे अत्तर हुंगावे तसा श्वास घेत होता. हौसा त्याच्या पायाशी बसली. रडली नाही, डोळ्यांतून पाणी गाळायचा तिला कंटाळा आला होता.

गुहेतली दगडी माणसे आपापल्या घरी चालत गेली, आणि दोन सरदारांनी नऊ वर्षे उशिरा आपले म्हणणे मांडले. त्रिकूटकाला राजाने राज्याबाहेर घालवले नाही. त्याला मादी झाडांच्या रोपांना पाणी घालायचे काम दिले. शिंकेचा नेम मात्र मोडला. आता माणूस शिंकला तर लोक थांबतात, त्याला पाणी देतात आणि म्हणतात, “हं, पुढे बोल.”

ज्येष्ठात फळे पिकली आणि राजमार्गावर पडली. राजा पायीच निघाला होता. एका फळावरून त्याचा पाय घसरला आणि मुकुट गडगडत चिखलात गेला. लोक हसले. मग गप्प झाले.

राजाने मुकुट उचलला, पुसला, आणि गर्दीत उभ्या भानजीला विचारले, “तू मागे काहीतरी सांगत होतास. मध्येच शिंकलास.”

“होय महाराज,” भानजी म्हणाला. “रस्ता झाडायला दोन माणसं ठेवा, एवढंच सांगत होतो.”

राजाने दोन माणसे ठेवली. जसा भानजीचा श्वास मोकळा झाला, तसा ऐकणाऱ्या सगळ्यांचा होवो.