रथखान्यातलं बिऱ्हाड

दसरा नऊ दिवसांवर आला आणि रायाजीराजांचा नवा कोरा रथ एका बाजूला कलला! रथखान्याच्या फरशीखाली कुणीतरी बीळ पोखरत होतं.

"शत्रूचं भुयार आहे," सेनापती म्हणाले. बीळ जेमतेम हातभर रुंद होतं, पण सेनापतींच्या मते शत्रू बारीक होता.

राजज्योतिष्यांना आत धनावरचा नाग दिसला. त्यांनी रोज वाटीभर दूध ठेवायला सांगितलं. दूध रोज संपत होतं. राजवाड्यातलं मांजर रोज जाड होत होतं.

शेवटी राजांनी हुकूम सोडला. "आत जे असेल ते बाहेर काढा! पण फरशी उखडायची नाही, ती पणजोबांनी बसवली आहे. धूर करायचा नाही, रथाचं रेशमी छत काळं पडेल. पाणी ओतायचं नाही, पाया खचेल. मारायचं नाही, राणीसाहेबांचं व्रत आहे. आणि बिळाचं तोंड बंद करायचं नाही, आत मेलं तर मिरवणुकीत वास येईल! पाच दिवसांत जमलं नाही, तर रखवालदार हद्दपार!"

रखवालदार धोंडजी मटकन खाली बसला.

राजवाड्यात सुपं पोचवायला आलेल्या गोजरा बुरुडणीने हे ऐकलं. धोंडजी तिचा शेजारी. तिच्या बाळंतपणात भर पावसात जाऊन सुईण आणली होती ती त्यानेच. तिने सुपं खाली ठेवली.

"महाराज, मी बघू?"

"तू? सुपं विणणारी?"

"सेनापतींचं बघून झालंय, म्हणून विचारलं."

राजांनी मान डोलावली. सेनापतींनी मिशी चाचपली.

गोजराने चुलीतली राख चाळून बिळापुढे पसरली आणि घरी गेली. सकाळी राखेत पावलं उठली होती, तान्ह्या पोराच्या तळव्यासारखी, आणि त्यांच्यामागे खराटा ओढल्यासारख्या रेघा. कडेला काळापांढरा लांब काटा पडला होता.

"साळिंदर," ती म्हणाली. "नवराबायको आहेत. दोघं बाहेर गेली, दोघं परत आली."

"बरं, कोण ते कळलं," राजे म्हणाले. "आता घालव!"

गोजरा घरी जाऊन बांबूच्या कामट्या तासत बसली. दोन दिवस धोंडजी तिच्या अंगणात येरझारा घालत होता.

"गोजरे, राजांना साळिंदर घालवायचंय. तू टोपली काय विणतेस?"

"काका, तुम्ही जरा बसा. तुमची सावली कामट्यांवर पडतेय."

टोपली होती कोळी ओढ्यात मासे धरायला लावतात तशी. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला कामट्यांची लवचीक टोकं एकमेकांकडे झुकलेली. तिने रुंद बाजू बिळात बसवली, टोकं बाहेर ठेवली, भोवती दगड रचले आणि पुढे पुन्हा राख पसरली.

दुसऱ्या सकाळी राखेत पावलं होती, दोघांचीही, बाहेर येणारी. मग टोपलीभोवती बऱ्याच फेऱ्या. एका ठिकाणी दोघं बहुधा भांडली असावीत. तिथून पावलं सरळ डोंगराकडे गेली होती. पाचव्या दिवशीची राख कोरी होती. धोंडजीने ती तीनदा पाहिली आणि डोळे पुसले.

राजे आले. वाकून बघितलं. मग त्यांचा आवाज चढला.

"बिळाचं तोंड बंद करायचं नाही, असं बजावलं होतं मी!"

"बंद कुठाय, महाराज? दोघं त्यातूनच तर गेली."

गोजराने टोपली काढून पुढे धरली. राजांनी हातातली छडी तिच्या रुंद बाजूने घातली. कामट्या वाकल्या, छडी सुळकन बाहेर आली. बाहेरून घालायला गेले, तर टोकं अडली.

"मग परत का येईनात? असलं कसलं हे दार?"

गोजराने पदर सावरला. "तुमच्या खजिन्याचं आहे तसंच, महाराज. आत जायला मोकळं, बाहेर यायला बंद. मी फक्त उलटं बसवलं."

सेनापतींनी श्वास रोखला. ज्योतिषी आकाशाकडे बघू लागले. धोंडजीने डोळे मिटून घेतले.

आणि राजे हसले! इतके हसले, की रथाचा दांडा धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसत त्यांनी खजिनदाराला हाक मारली.

"खजिनदार! हिला सोबत घेऊन जा. आजच्या दिवस आपलंही दार उलटं बसवा!"