कोणीच न घेतलेल्या वहाणा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यावर तेव्हा राजा कोण होता हे सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. त्या राज्याच्या पूर्वेला डोंगराळ मुलूख होता आणि त्या मुलखात कायदा शिकवणाऱ्या पाच पाठशाळा होत्या. एक नदीकाठी, एक किल्ल्याखाली, बाकीच्या अशाच दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या.

कायदा शिकणारी मुलं कशी असतात हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना म्हणावं, "आज ऊन फार आहे," तर ती विचारतात, "फार म्हणजे किती? आणि कोणाच्या मते?" पण ही मुलं मनाने चांगली होती. पाचही पाठशाळांच्या मुलामुलींनी मिळून एक मंडळ काढलं होतं. ज्याच्या बाजूने न्यायसभेत बोलायला कोणी नाही, त्याच्या बाजूने मंडळाने बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. राजालाही ते पसंत पडलं होतं.

मंडळात चार पदं होती आणि प्रत्येक पदाची एक खूण होती. अग्रणीला केशरी शेला मिळे. तो ज्याच्या खांद्यावर असेल त्यालाच न्यायसभेत मंडळाच्या वतीने बोलता येई. चिटणीसाला बोरू मिळे. भांडाऱ्याला कोठीची किल्ली. आणि निरोप्याला मिळत जाड तळाच्या वहाणा, कारण गावोगाव जाऊन लोकांना तारखा कळवायच्या आणि अडलेल्या माणसाला न्यायसभेपर्यंत सोबत करायची, हे त्याचं काम.

त्या वर्षी निवड झाली तेव्हा शेल्यासाठी एवढी भाषणं झाली की ऐकणाऱ्यांची पाठ आखडली. शेवटी नदीकाठच्या पाठशाळेतला एक तरुण अग्रणी झाला. त्याचं बोलणं खरोखरच सुरेख होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. चिटणीसपद किल्ल्याखालच्या पाठशाळेतल्या एका मुलीला मिळालं. किल्लीही कोणीतरी घेतली. मग वहाणा पुढे आल्या.

सगळे एकदम आढ्याकडे पाहू लागले. एकाची परीक्षा जवळ आली होती. दुसऱ्याची टाच दुखत होती. तिसऱ्याने तर निरोप्या हे पद आहे की नुसतं काम, असा मुद्दा काढला आणि त्यावर बराच वेळ गेला.

"राहू दे," नवा अग्रणी शेला सारखा करत म्हणाला. "निरोप काय, कोणीही देईल."

कोणीही म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. वहाणा भिंतीलगत ठेवून दिल्या गेल्या.

पुढे काही दिवसांनी मंडळाच्या दारात एक म्हातारी कुंभारीण आली. घाटापलीकडच्या गावात तिचं घर होतं. नवरा मागच्या वर्षी वारला होता, मूलबाळ नव्हतं. गावाबाहेर मातीची एक खाण होती, ती तिच्या सासऱ्यापासून त्यांच्याकडे चालत आलेली. आता गावचे पाटील म्हणत होते की नवरा गेल्यापासून खाण ओसाड पडली आहे, आणि ओसाड जमीन आपल्याला मिळावी. खटला न्यायसभेत लागला होता.

"मला कायद्यातलं काय कळतंय बाबा," ती अग्रणीला म्हणाली. "माती गेली तर चाक थांबलं. चाक थांबलं तर मी खायचं काय?"

अग्रणीचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. "मावशी, तुम्ही निर्धास्त राहा," तो म्हणाला. "पौर्णिमेला तारीख आहे. तुम्ही फक्त हजर राहा, बाकी सगळं मी बोलतो. हा माझा शब्द."

म्हातारीने त्याची बाही घट्ट धरली, मग सोडली आणि ती घाट चढून घरी गेली. चिटणीस मुलगी तिला ओढ्यापर्यंत पोचवायला गेली होती. वाटेत दोघी गाडगी-मडकी, भट्टी, माती अशा गोष्टी बोलत राहिल्या. इकडे अग्रणी भाषण तयार करू लागला. ते त्याने इतक्यांदा घोकलं की खालच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांनाही पाठ झालं.

पौर्णिमा अजून लांब होती. अशात एका सकाळी मंडळाची बैठक चालू असताना न्यायसभेचा हुजऱ्या धापा टाकत आला.

"न्यायाधीशांना राजधानीला बोलावणं आलंय," तो म्हणाला. "म्हणून खाणीचा खटला उद्याच आहे. पाटील इथेच मुक्कामाला आहेत, त्यांना सांगून झालंय. न्यायसभेच्या अंगणातल्या खांबाची सावली पहिल्या पायरीला टेकायच्या आत कुंभारीण हजर हवी. नाही आली, तर खाण पाटलांची."

एवढं सांगून तो ओट्यावर टेकला आणि त्याने पाणी मागितलं. आत एकच गडबड उडाली.

"निरोप्याला पाठवा!" भांडारी म्हणाला. मग त्याला आठवलं.

"तू जा ना," कोणीतरी त्यालाच म्हणालं.

"मी गेलो तर किल्ली कोणाकडे? नियमात स्पष्ट आहे, किल्ली भांडाऱ्याने अंगावेगळी करू नये."

"आत्ता निरोप्या निवडू या," एक जण म्हणाला.

"दोन पाठशाळांचे प्रतिनिधी आज आलेले नाहीत. ही निवड वैध ठरेल का?"

"आणि मुळात हा निरोप आहे की सूचना? निरोप असेल तर निरोप्याचं काम. सूचना असेल तर चिटणीसाचं."

"चिटणीसाने टिपण ठेवावं, एवढंच नियमात आहे," चिटणीस म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कोणाचंच म्हणणं चुकीचं नव्हतं. अग्रणी स्वतः शेला घेऊन मधोमध बसला होता आणि प्रत्येकाला बोलायची पाळी अगदी न्यायाने देत होता, कारण सभा चालवणं हे त्याचं काम होतं आणि ते तो चोख करत होता. ऊन ओट्यावरून सरकत गेलं. मुद्द्यांवर उपमुद्दे निघाले. मला विचाराल तर इतकी शिस्तशीर बैठक त्या मंडळाची आजवर झाली नव्हती.

दुपार होत आली तसा हुजऱ्या उठला. त्याने आत डोकावून साधाच प्रश्न केला. "मग मी परत जाऊन काय सांगू? कोण निघालंय?"

 अग्रणीने सगळीकडे पाहिलं आणि त्याची नजर भिंतीलगतच्या वहाणांवर गेली. एका वहाणेत कोळ्याने जाळं विणलं होतं. त्याला म्हातारीची ती बाहीवरची पकड आठवली. इथे प्रत्येक जण आपापलं काम करतो आहे, आणि तरी उद्या त्या बाईचं चाक थांबणार आहे. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी, की कान तापले.

तो उठला. त्याने जाळं पुसलं, वहाणा पायांत घातल्या. शेल्याने घाट चढताना घाम येईल म्हणून तो काढून खुंटीला अडकवला.

"पण अग्रणीने निरोप द्यावा असं नियमात कुठे आहे?" मागून एकाने विचारलं.

"नसू दे," तो म्हणाला. "वहाणा मोकळ्या ठेवल्या त्या मीच. आता चालायचंही मीच." आणि तो निघालासुद्धा.

दिवस मावळता मावळता तो कुंभारणीच्या दारात पोचला. ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"अगं बाई, तू हिकडं कसा? पुनवेला ना रं तारीख?"

त्याने सगळं सांगितलं. ती घाबरली, मग तिने त्याला आधी जेवू घातलं. पहाटे दोघं निघाली.

घाट उतरायचा म्हणजे खडी आणि करवंदीचे काटे. अर्ध्या वाटेत म्हातारीच्या जुन्या चपलेचा अंगठा तुटला आणि दगड तिच्या पायात घुसला. ती मटकन खाली बसली.

"तू पुढं हो बाबा. माझ्यानं आता न्हाई व्हायचं."

त्याने आपल्या वहाणा काढून तिच्या पायांत घातल्या. त्या तिला मोठ्या होत होत्या, म्हणून त्याने आपल्या उपरण्याची पट्टी फाडून त्या घोट्याशी बांधल्या.

"आणि तू अनवाणी?"

"मावशी, या मुळात तुमच्यासाठीच शिवल्यात. आम्ही उगाच भिंतीला ठेवल्या होत्या."

ती हसली आणि उठली. दोघं पुन्हा चालू लागली. पण थोडं पुढे गेल्यावर तो एकदम थबकला. त्याला शेला आठवला. शेल्याशिवाय न्यायसभेत तोंड उघडता येत नाही, आणि शेला तर मंडळात खुंटीवर होता! वाट वाकडी करून तो आणावा तर सावली टेकणार. तिला नुसतं नेऊन उभं करावं तर तिच्या बाजूने बोलणार कोण?  तिला मात्र त्याने काही सांगितलं नाही. तो तिचा हात धरून चालत राहिला.

न्यायसभेच्या अंगणात पोचला तेव्हा त्याने आधी खांबाकडे पाहिलं. सावली पायरीच्या अगदी जवळ आली होती. आणि आतून एक ओळखीचा आवाज येत होता.

"महाराज, पाटील म्हणतात बाई येणार नाही. पण सावली पायरीला टेकेपर्यंतचा वेळ बाईचा आहे, असा आपलाच नियम आहे. ती टेकायच्या आत निकाल देणं म्हणजे त्या बाईचा वेळ काढून घेणं."

चिटणीस उभी होती. तिच्या खांद्यावर केशरी शेला होता.

काल तो गेल्यावर तिचं खुंटीकडे लक्ष गेलं होतं. मग सगळ्यांना म्हणाली होती, "तो रिकाम्या जागेचं काम करायला गेला, म्हणून आता त्याची जागा रिकामी झाली. हे टिपण कोणीतरी पुढे लिहा." आणि बोरू खाली ठेवून तिने शेला उचलला होता. टिपण मग भांडाऱ्याने लिहिलं, किल्ली कमरेला तशीच ठेवून.

म्हातारी आत गेली, हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "मी आले जी." सावली त्यानंतर पायरीला टेकली.

चिटणीसाला दारातला अग्रणी दिसला. तिने पटकन शेल्याला हात घातला, त्याला देण्यासाठी. आणि खरं सांगतो, त्याचा हातही क्षणभर पुढे झाला होता. एवढं घोकलेलं भाषण त्याच्या जिभेवर होतं. उभा मुलूख ऐकायला जमला होता. पण ती मोठ्या हिमतीने उभी होती आणि तिचं बोलणं रंगात आलं होतं. त्याने मान हलवली, 'तूच बोल' अशी, आणि सोललेले पाय पोटाशी घेऊन तो दाराशी बसला. घाट चढण्यापेक्षा हे त्याला जड गेलं.

"पाटील," चिटणीस वळून म्हणाली, "खाण ओसाड आहे, तिथे कोणी कुदळ लावत नाही, असं तुम्ही म्हणता?"

"व्हय. सगळ्या गावाला ठावं हाय."

"तुमच्या दारातला पाण्याचा रांजण कोणी घडवला?"

 ओढ्याच्या वाटेवर म्हातारीने तिला या रांजणाचं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, हे पाटलांना काय ठाऊक!

"हिनंच," ते म्हणाले. माणूस लोभी होता, पण सभेत खोटं बोलणारा नव्हता. "यंदाच्या चैत्रात."

"आणि माती कुठली होती?"

"त्याच खाणीतली," पाटील पुटपुटले. सभेत खसखस पिकली. न्यायाधीशांनाही हसू आवरेना. "पाटील," ते म्हणाले, "ज्या खाणीच्या मातीतलं पाणी रोज पिता, तिला ओसाड म्हणू नका. खाण बाईची आहे."

म्हातारीचा बांध फुटला. तिने आधी चिटणीसाला जवळ घेतलं, मग दाराशी जाऊन त्या पोराच्या पायांकडे पाहिलं आणि आणखीच रडली.

पुढे तिने मंडळाला एक भलामोठा रांजण पाठवला, आणि त्यासोबत वहाणा, धुऊन, तेल लावून. मंडळाच्या नियमांत एक नवा नियम आला, तो अग्रणीनेच मांडला: जे पद रिकामं, त्याचं काम अग्रणीकडे. पुढच्या वर्षी त्याने शेला आपल्या हाताने चिटणीसाच्या खांद्यावर घातला आणि स्वतःसाठी वहाणा मागितल्या. गंमत म्हणजे त्या वेळी वहाणांसाठी आणखीही हात वर झाले होते आणि त्याला चक्क निवडणूक लढवावी लागली.

त्या मुलांनी वाद घालणं सोडलं का? छे! ती कायदा शिकणारी मुलं, वाद कसला सोडतात! पण त्यानंतर अडल्या माणसाची हाक आली की आधी कोणीतरी वहाणा घालून वाटेला लागायचं, आणि मग बाकीचे रांजणातलं गार पाणी पीत खुशाल वाद घालायचे.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे काम कोणाचंच नसतं, ते सगळ्यांत आधी पुढाऱ्याचं असतं.