सांध्यातला रंग

एकदा माळरानावरच्या एका वीज उपकेंद्रात एक तरुण तंत्रज्ञ स्वतःहून बदली मागून आला. पत्नी जाऊन वर्षही झालं नव्हतं. माणसांत मन रमेना, म्हणून त्याने ही जागा निवडली. तारांच्या गुणगुणण्याखेरीज इथे फारशी सोबत नव्हती. रोज सायंकाळी थोरल्या बहिणीचा फोन येई.

"बरा आहेस ना रे?"

"अगदी मजेत, ताई."

एवढं बोलून तो फोन ठेवी. भाऊबीजेला तिने आग्रहाने बोलावलं, तेव्हा म्हणाला, "सुट्टी नाही गं." सुट्टी तर होती.

तिथले वृद्ध तंत्रज्ञ अण्णा त्याला काम शिकवत. त्यांनी नवे लोखंडी खांब त्याच्या हाती सोपवले. खांब रंगवायचे आणि प्रत्येकाला जमिनीत खोल गेलेली धातूची पट्टी जोडायची. खांबात चुकून वीज उतरलीच, तर ती पट्टीवाटे मातीत जाते आणि हात लावणारा वाचतो. तरुणाने चार दिवस खपून खांब चंदेरी केले, पट्ट्या बोल्टने घट्ट आवळल्या. दुसऱ्या दिवशी वीज सुरू व्हायची होती.

अण्णा पाहायला आले. "वा! नवरदेवासारखे नटवलेस की," म्हणाले, आणि खाली बसून बोल्टच सोडवू लागले. मग कानस घेऊन पट्टीमागचा ताजा रंग खरवडू लागले, देवासाठी गंध उगाळावं तितक्या शांतपणे.

"अण्णा, अहो हे काय! चार दिवस राबलोय मी. जोडलंय ना सगळं?"

"जोडलेलं दिसतंय. पण पट्टी लोखंडाला टेकलीच नाही, मध्ये रंग आहे. उद्या वीज उतरली तर तिला वाट कुठली? ती खांबातच कोंडून राहील. आणि जो विश्वासाने हात टेकवील, त्यालाच झटका बसेल."

अण्णांचा हात थांबला नाही.

"तुझं ते 'मजेत' रोज कानावर पडतं रे. रंग छान आहे तो. पण बाळा, मातीला झटका बसत नाही. ती सगळं पोटात घेते. ताईही घेईल. सगळ्यांपुढे उघडं पडायला कोण सांगतंय? बोटभर जागा तिच्यापुरती मोकळी ठेव."

त्यांनी दुसरी कानस पुढे केली. उन्हं उतरेपर्यंत दोघे सांधे घासत राहिले.

सायंकाळी फोन वाजला. "बरा आहेस ना रे?"

"नाही गं ताई. जेवायला बसताना अजूनही दोन ताटं मांडतो मी, एक तिचं."

पलीकडून ताई म्हणाली, "थांब, गॅस बंद करते. हं, बसले. आता बोल."

अशी एक ताई देवाने बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या रूपात दिलेली असते. तिला खरं सांगायचं, तेवढंच आपल्याकडून राहून जातं.